घंगाळाचें बूड

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटें आमच्या मुरबाडच्या घरीं अभ्यंगस्नानाआधींच एक शोध लागला. न्हाणींत काठोकाठ भरून ठेविलेलें तांब्याचें घंगाळ उटणें लावून होईतों निम्में रिकामें झालें होतें आणि पाण्याची एक बारीक धार मोरीकडे शांतपणें वाहत होती. आईनें पाण्यांत हात घातला, बूड चांचपलें, एका जागीं अंगठा दाबून धरला आणि म्हणाली, "अरे, सासूबाईंचं घंगाळ गळायला लागलं." आम्ही तीस वर्षें महाविद्यालयांत शेक्सपिअरचीं नाटकें शिकवीत आलों आहों, पण इतक्या थोड्या शब्दांत एवढें दुःख सांगितलेलें आमच्या ऐकण्यांत फारसें आलेलें नाहीं.

हल्लींच्या तरुण वाचकांनीं घंगाळ पाहिलें असेल तें बहुधा एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दारांत, पोटांत झेंडूच्या पाकळ्या घेऊन बसलेलें. त्याचें खरें स्थान न्हाणींत. बंबांतलें कढत पाणी त्यांत काढावयाचें, हंड्यांतल्या गार पाण्यानें तें विसणावयाचें आणि शेजारीं पाटावर बसून तांब्यानें अंगावर घ्यावयाचें, असा त्याचा संसार. रुंद तोंड, पसरट पोट, दोहों बाजूंस दोन कड्या. आमच्या घंगाळावर टिंबाटिंबांनीं आजोबांचें नांव घातलेलें आहे आणि त्याखालीं 'शके १८६०', म्हणजे १९३८ सालचा सुमार. आजीच्या लग्नांत तें पुण्याच्या तांबट आळींतून आलें, असें घरांत सांगत आले आहेत.

काम मात्र त्यानें न्हाणीबाहेरचेंही पुष्कळ केलें. लग्नाची वेळ साधण्यासाठीं पूर्वीं घटिकापात्र सोडीत तें घंगाळांतल्या पाण्यावर. बुडाला बारीक छिद्र असलेली ती वाटी हळूहळू भरून बुडाली कीं चोवीस मिनिटांची एक घटका झाली, असा तो हिशोब. आमच्या घंगाळानें घरच्या तीन लग्नांच्या घटका मोजल्या. मुंजीच्या पंक्तींना त्यांतच मठ्ठा होई. आणि ताकासारखा आंबट पदार्थ नुसत्या तांब्यांत कळकतो, म्हणून त्यास आंतून कल्हईही असे. अशा रीतीनें दुसऱ्याच्या छिद्रावरून वेळ मोजणाऱ्या या भांड्याला शेवटीं स्वतःचेंच छिद्र पडलें, आणि त्याचीही घटका भरली कीं काय, असा प्रश्न दिवाळीच्या फराळावर घरांत निघाला.

फोनवरून पहिलें मत आलें तें मुंबईच्या धाकट्या बंधूंचें. "मोडींत घाला," ते म्हणाले. बाजारांतल्या मोडवाल्यानें घंगाळ तागडींत टाकून साडेसात किलो वजन सांगितलें आणि साडेचार हजार रुपये देऊं केले. आमच्या सौभाग्यवतीचें म्हणणें अधिक विचाराचें होतें. "अहो, त्या पैशांत भिंतीला धरायला दांडी बसवूं, खालीं न घसरणारी फरशी लावूं. आईंना आतां न्हाणीपेक्षां ती बरी." या बोलण्यांत चूक काढण्यासारखें कांहीं नव्हतें, आणि आम्हींही ती काढली नाहीं.

परंतु आईचें गणित निराळें होतें. ती चौऱ्यायशीं वर्षांची आहे आणि कांचबिंदूनें तिची दृष्टि बरीच गेली आहे. न्हाणींत ती डोळ्यांनीं पाहत नाहीं, हातानें पाहते. घंगाळाच्या कांठाला बोट लावलें कीं पाणी किती ऊन आहे तें तिला आंत हात न घालतां कळतें. कारण तांबें उष्णता लपवून ठेवीत नाहीं. पाटावरून उठतांना ती कडी धरते आणि भरल्या घंगाळावर भार टाकते. तें जागचें हालत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं घंगाळ कांहीं दिवस माळ्यावर होतें, तेव्हां तिनें असाच भार प्लॅस्टिकच्या बादलीवर टाकला. बादली कलंडली, आई पडली आणि मनगट मोडलें. बादली हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, असें आम्ही एकदां तिला सांगितलें होतें. "मग परत द्या त्यांना," असें ती मनगटाच्या पट्ट्याकडे पाहत म्हणाली होती.

तेव्हां घंगाळ नीट करावयाचें, आणि थोडक्या पैशांत करावयाचें, असें ठरलें. थोडक्या पैशांत म्हणजे फुकट, असा अर्थ आम्हीं मनाशीं केला आणि तेथेंच फसलों. बाजारांत दोन रंगांच्या कांड्यांचें एक लुकण मिळतें. दोन्ही एकत्र मळून भोंकावर लावलें कीं दगडासारखें घट्ट होतें. इंग्रजी घेऊन पदवी मिळविलेल्या माणसाला वेष्टनावरच्या सूचना वाचतां येतात, हाच आमचा सारा कारागिरीचा अधिकार. त्यांतली 'पृष्ठभाग स्वच्छ करावा' ही पहिली सूचना आम्हीं, विद्यार्थी प्रस्तावना सोडतात तशी, सोडून दिली. लुकण बसलें, वाळलें, आम्हीं सर्वांना दाखविलें. चौथ्या दिवशीं कढत पाण्यांत तें गोल वडीसारखें सुटून वर आलें आणि आईच्या तांब्यांत सांपडलें. "हें काय, साबण का रे?" तिनें विचारलें.

आमच्या चुकीचें मर्म आम्हांस कळलें तें मुंबईस, आणि तेंही बंधूंच्या स्नानगृहांत. ज्यांनीं आम्हांस घंगाळ मोडींत घालण्याचा सल्ला दिला, त्यांच्या जुन्या इमारतींतल्या जागेंत आधींच्या भाडेकऱ्यानें ठेवून गेलेला एक बिडाचा टब आहे. तो काढावयाचा तर भिंत फोडावी लागते, म्हणून ते त्याला नवें रूप देत होते. असल्या टबाचा पांढरा मुलामा म्हणजे भट्टींत बिडावर वितळवून बसविलेली एक प्रकारची कांचच. वर्षानुवर्षें खरखरीत भुकट्यांनीं नि ॲसिडानें घासल्यावर ती कांच झिजते, खरबरीत होते, मळ धरते, आणि जेथें टवका उडतो तेथून बीड गंजूं लागतें. कारागीर पहिले दोन दिवस नुसता घासत होता. साबणाचा चिकटा काढला, गंज खरवडला, कांचकागदानें सारा अंतर्भाग खरडला, टवके भरले. आणि मग तिसऱ्या दिवशीं दोन औषधें मिसळून होणाऱ्या रंगाचे पातळ थर फवारले. पुढें तीन दिवस टबाला पाणी लावावयाचें नाहीं. "साहेब, रंग चढवायला तासभर लागतो," तो म्हणाला, "दिवस जातात ते घासण्यांत." बंधूंना बारा हजार रुपये पडले. नवा टब, भिंतीची फोडतोड नि पुन्हां लाद्या यांच्या मानानें तें स्वस्तच होतें. आमचें लुकण सुटलें तें वाईट म्हणून नव्हे. आम्हीं तें तांब्याला लावलेंच नव्हतें, ऐंशीं वर्षांच्या मळाला लावलें होतें.

आतां कल्हईवाला शोधावयाचा. आमच्या लहानपणीं पावसाळा संपला कीं "कल्हईऽऽ" ही हांक आपोआप आळींत येई. मग स्टेनलेस स्टीलचीं भांडीं आलीं. त्यांना कल्हई लागत नाहीं, म्हणून हांकही थांबली. मुरबाडच्या बाजारांत चौकशी केली, तर एका दुकानदारानें आम्हांस 'कल्हई' नांवाचें एखादें हॉटेल हवें आहे काय, असें विचारलें. पौषी पौर्णिमेला म्हसा येथें जत्रा भरते. बैलांचा नि घोंगड्यांचा तो मोठा बाजार. तेथें भांड्यांचीही पालें लागतात. तीं सारीं पालें आम्ही हिंडलों. सर्वत्र स्टील नि ॲल्युमिनियम. शेवटच्या पालांतील म्हातारीनें मात्र सांगितलें कीं शहापुरास बाजारपेठेच्या मागच्या गल्लींत एक चाचा अजून भट्टी लावतात.

माघांतल्या एका रविवारीं आम्ही घंगाळ घेऊन निघालों. सरळगांव, किन्हवली, शहापूर असा तो एस्. टी. चा मार्ग. घंगाळ मांडीवर घेऊन बसलेला चष्मेवाला गृहस्थ पाहून शेजारच्या बाईनें आपुलकीनें विचारलें, "मुलीचं लग्न का?" आम्हीं नाहीं म्हटलें तेव्हां तिला आमची कींव आली असावी, तिनें खिडकीची जागा दिली.

चाचा सत्तरीच्या घरांतले. त्यांनीं घंगाळ उपडें केलें, टिचकी मारून ऐकलें, उजेडाकडे धरून भोंकांतून आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "सर, हें लुकण कुणी लावलं?" आम्हीं कर्मणि प्रयोगाचा आश्रय केला: लावलें गेलें. ते हंसले. मग त्यांनीं बुडाची कड दाखविली. न्हाणीच्या दगडावर रोज ओढून ओढून ती कागदासारखी झाली होती. भोंक एक पडलें होतें, पण दुसरें वाटेवर होतें. "आंतून सगळी कल्हई करा," आम्हीं ऐटींत सांगितलें. त्यावर चाचा जें बोलले तें आम्ही अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांस मुद्दाम सांगणार आहों. "आंघोळीच्या पाण्याला कल्हई कशाला? कथील तांब्याहून महाग आहे. ताक घालणार आहांत का यांत?" नाहीं, म्हटलें. "मग भोंकापुरती करतों. बाकीचं चिंचेनं घांसा."

ज्या कामाचे पैसे मिळणार, तेंच काम नको म्हणून सांगणारा कारागीर! बाजारांत जावें आणि अधिक खर्च करावयास न लावतां कोणी परत पाठवावें, हा अनुभव अलीकडे इतका दुर्मिळ झाला आहे कीं आम्ही क्षणभर संशयानेंच त्यांच्याकडे पाहिलें.

काम मात्र पाहण्यासारखें झालें. जमिनींतल्या लहानशा खळग्यांत कोळसे, त्याला हातानें फिरवावयाचा पंखा; चामड्याचा भाता आतां राहिला नाहीं. प्रथम लुकणाचे अवशेष जाळून काढले आणि वाळूनें बूड लख्ख केलें. मग पोंचे आलेला भाग तापवून मऊ केला आणि लोखंडी ठोकळ्यावर धरून लाकडी मोगरीनें सारखा केला. शेवटीं लहान हातोडीनें जवळ जवळ ठोके देत सारें बूड एकदां फिरले. जुन्या तांब्याच्या भांड्यांवर आपण ज्या खळ्या पाहतों आणि नक्षी म्हणून वाखाणतों, त्या मठारकामाच्या. तापविल्यानें तांबें मऊ होतें, ठोकल्यानें कठीण होतें. त्या खळ्या म्हणजे भांड्याचें बळ, शोभा ही मागाहून आलेली.

मग भोंकाभोंवतीं कल्हई. तापलेल्या तांब्यावर नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर उठला आणि त्या वासासरशीं आमचें वय पंचेचाळीस वर्षांनीं कमी झालें. नवसागर तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकतो. उघड्या झालेल्या तांब्याला कथलाची कांडी नुसती टेंकली कीं तें वितळतें. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला पातळ होतें, तांब्याला १०८५ अंश लागतात. या दोन आंकड्यांमधल्या अंतरांतच कल्हईवाल्याचा सारा धंदा. चाचांनीं कापसाच्या बोळ्यानें तें पाणी झालेलें कथील एकदां फिरविलें आणि काळसर तांब्यावर रुपेरी डाग पसरला. तसाच रुपयाएवढ्या तांब्याच्या चकतीलाही कथलाचा हात दिला. आणि मग शिसें नि कथील यांच्या मेळानें चकती आंतून भोंकावर झाळली. कल्हई आधीं, डाग मागाहून. कारण शिशाचा मेळ कथलाहूनही लवकर वितळतो, आणि क्रम उलटला तर डाग निघून येईल. दुसऱ्या झिजलेल्या जागींही तशीच एक चकती बसली.

"दोन गोष्टी ध्यानांत ठेवा," चाचा म्हणाले. "रिकामं भांडं चुलीवर ठेवायचं नाहीं. आणि आतां यांत खायचं-प्यायचं कांहीं करायचं नाहीं, डाग शिशाचा आहे." म्हणजे मठ्ठ्याचा अध्याय संपला. आठशें रुपये झाले. हें काम पुढें कोण करील, असें विचारतां त्यांनीं गल्लीच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या रिक्षाकडे बोट दाखविलें. "तो माझा मुलगा. त्याचं बरं चाललंय." त्यांच्या आवाजांत खंत आम्हीं शोधली, ती होती ती आमच्याच कानांत.

घरीं येऊन चिंच, मीठ नि राख घेतली. चिंचेच्या आंबटानें काळें तांबें सुटतें आणि खालून गुलाबी तांबें वर येतें. या रसायनाला पैसे पडत नाहींत. एकंदर खर्च, एस्. टी. चें भाडें धरून, हजाराच्या आंत. बंधूंच्या बारा हजारांशीं आम्हीं तो ताडून पाहिला. शिवाय एका रविवारीं दुधाच्या मापानें घंगाळ मोजलें: बावीस लिटर. बंधूंच्या टबांत भरपूर पाणी घेतलें तर दीडशें लिटरांच्या वर लागतें. म्हणजे त्यांच्या एका स्नानांत आमचीं सात स्नानें. हा हिशोब आम्हीं त्यांना फोनवर सांगितला आणि तो सांगतांना आम्हांस फार बरें वाटलें.

तें बरें वाटणें वैशाखापर्यंत टिकलें. बंधूंच्या टबांतलें पाणी येतें कोठून? मुंबईला १८९२ पासून पाणी देणारा तानसा आणि आज तिच्या निम्म्याच्या आसपास पाणी पुरविणारा भातसा हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यांतले. आमच्या या भागांत शंभर इंचांच्या घरांत पाऊस पडतो. पण काळ्या खडकाचा उतार तो धरून ठेवीत नाहीं. जें अडतें तें धरणांत अडतें, आणि धरणांतलें पाणी नळांनीं शहराकडे जातें. उन्हाळ्यांत शहापूर-मुरबाडच्या डोंगरपाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेंत बसतात, हें दरवर्षीचेंच झालें आहे. हें सारें आम्हांस पाठ होतें. स्नेहसंमेलनांत त्यावर आम्हीं भाषणही केलें आहे.

आमच्या आईच्या सोबतीला पाड्यावरून एक बाई येते. वैशाखांत एके सकाळीं आईची आंघोळ आटोपल्यावर तिनें घंगाळ उचललें, लखलखत्या तांब्यावरून हात फिरविला आणि आम्हीं विचारल्यावांचून म्हणाली, "दादा, आमच्या पाड्यावर पांच माणसांना दिवसाला असलीं तीन मिळतात. पिण्याचं धरून." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आम्हीं दुधाच्या मापानें मोजलें, तिनें घंगाळानें मोजलें, इतकेंच. त्या दिवशीं बंधूंना पुन्हां फोन करून नवा हिशोब सांगावा असें कांहीं आम्हांस वाटलें नाहीं. टबाकडून पाहिलें तर घंगाळ ही काटकसर. पाड्याकडून पाहिलें तर तीच चैन. आम्ही एकाच बाजूनें पाहत आलों होतों, आणि ती बाजू आम्हांस सोईची होती.

रात्रीं हें आईच्या कानांवर घातलें. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही बंबाखालून कढत पाणी काढीत असतां तिनें घंगाळांत हात घालून आंतल्या बाजूस बोट ठेविलें, निम्म्याच्या थोडें खालीं. "इथपर्यंत भर," ती म्हणाली. "सासूबाई वैशाखांत इथपर्यंतच भरूं द्यायच्या. वर भरलं तें आपण नंतर." आंघोळीचें पाणी ज्या मोरींतून केळींना जातें, तिच्या तोंडाशीं एक पातेलें लावावयास तिनें सांगितलें, भांड्यांच्या पहिल्या पाण्याला तें चालतें. बाकीचें हंडाभर पाणी त्या दिवसापासून बाई जातांना नेऊं लागली. यानें पाड्याचा प्रश्न सुटला असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. तीनाचीं साडेतीन झालीं, एवढेंच.

आंघोळ झाल्यावर आई उठतांना कडी धरते, तशी तिनें धरली. घंगाळ निम्मेंच भरलेलें होतें. तरी तें हाललें नाहीं. तिनें वांकून बुडाशीं बोटें फिरविलीं, दोन्ही चकत्यांच्या कडा चांचपल्या.

"डाग चांगला बसलाय," ती म्हणाली. "पण कडीखालीं तसंच राहिलंय बघ. तिथं चिंच लावलीच नाहींस."

आम्हीं पाहिलें. कडीखालीं बोटभर काळें राहिलेलें होतें, आणि तें आमच्या चष्म्यालाही दिसलें नव्हतें.